एकोणीस नंबरचा पाना

घरात दीर्घकाळचे आजारपण आले की कामांची वाटणी नव्याने होते. आजवर एकाने बँकेचे व्यवहार पाहिलेले असतात, दुसऱ्याने स्वयंपाकघर सांभाळलेले असते; कोणी नळाचे वायसर बदलणारा असतो, कोणी सणावारांची तिथी लक्षात ठेवणारा. आजारी माणसाच्या हातून ही कामे एकेक करून सुटतात आणि शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगावर येतात. काही आपण हौसेने घेतो, बहुतेक निरुपायाने. मात्र काम हाती घेताना त्या माणसाकडून आपण नेमके काय काढून घेत आहोत, याचा विचार करण्याइतकी सवड त्या धावपळीत मिळत नाही. माझ्या वाट्याला आलेल्या अशाच एका कामाविषयी आज लिहीत आहे. ते काम आहे मोटारीच्या इंजिनातील तेल बदलण्याचे. आणि मोटारही साधी नव्हे, तर जपानहून अमेरिकेत आलेली दोन आसनांची स्पोर्ट्स कार. कुटुंबाच्या आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात हा विषय कोठून आला, असे आपल्या मनात येईल. थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

माझे वय एकोणसत्तर. यजमान चौऱ्याहत्तर वर्षांचे. आम्ही चाळीसहून अधिक वर्षे अमेरिकेत मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतो. हे मूळचे कोल्हापूरचे. तेथील उद्यमनगरात यांच्या मामांचे लहानसे वर्कशॉप होते; शेतकऱ्यांच्या पाण्याच्या पंपांची ऑईल इंजिने तेथे दुरुस्तीला येत. शाळेच्या सुट्टीत यांचे हात तेथे काळे झाले ते कायमचेच. अभियंता होऊन मोटारींच्या या शहरात आले, तेव्हा ट्रंकेत मामांनी दिलेला अठरा-एकोणीसचा रिंग पाना होता. 1990 साली यांनी लाल रंगाची माझदा मियाटा घेतली. 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी प्रथम लोकांसमोर आली होती. हिरोशिमात तयार झालेली, सोळाशे सीसी इंजिनाची, कापडी छताची, जवळजवळ एक टन वजनाची ही गाडी डेट्रॉइटच्या रस्त्यावर आणणे म्हणजे त्या काळी शेजाऱ्यांची थट्टा ओढवून घेणेच होते. यांनी ती हसत सोसली. गाडीच्या इंजिनाला मात्र कोणा परक्याचा हात लागू दिला नाही. तिच्या तेलाचा ड्रेन प्लग एकोणीस नंबरचा आहे. कोल्हापूरचा पाना त्यावर चपखल बसतो, याचा यांना लहान मुलासारखा आनंद होई.

आठ वर्षांपूर्वी यांना कंपवाताचे निदान झाले. डॉक्टर त्याला पार्किन्सनचा आजार म्हणतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली त्याचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून हे नाव. मेंदूच्या एका भागातील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू क्षीण होतात आणि त्यामुळे हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, विसावलेला हात थरथरू लागतो. आपण थरथर तेवढी पाहतो. पण चेहऱ्यावरचे भाव कमी होणे, आवाज खाली जाणे, पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे होणे, उभे राहताच रक्तदाब उतरून घेरी येणे आणि मनाची उमेद हरपणे, हीदेखील त्याचीच रूपे आहेत. अक्षर बारीक होत जाणे हे आणखी एक लक्षण.

या शेवटच्या लक्षणाचा पुरावा आमच्या गाडीच्या कप्प्यात होता. तेल बदलले की तारीख, मैल आणि तेलाचा प्रकार एका वहीत लिहून ठेवण्याची यांची शिस्त. सुरुवातीच्या नोंदी टपोऱ्या देवनागरीत आहेत. पुढे पाने उलटत जावे तशी अक्षरे लहान होत जातात, ओळीच्या शेवटी तर मुंगीच्या रांगेसारखी. निदानाच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत हा बदल डोळ्यांत भरण्यासारखा आहे. मेंदूविकारतज्ज्ञांना ही वही दाखवली, तेव्हा ते ती बराच वेळ चाळत बसले. आपल्या घरातील वृद्धांच्या जमाखर्चाच्या वह्या, जुनी पत्रे, चेकवरील सह्या कधी सहज शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. अक्षर बदलले म्हणजे आजार झालाच असे मुळीच नाही. पण ते सतत आक्रसत चालले असेल, तर डॉक्टरांच्या कानावर घालण्याजोगी ती गोष्ट आहे.

निदानानंतर चार वर्षे हे स्वतःच तेल बदलत राहिले. नंतर जमिनीवर आडवे होऊन पुन्हा उठणे अशक्य झाले आणि गाडी एका दुकानात पाठवावी लागली. अर्ध्या तासात काम झाले, बिलही वाजवी होते. परंतु त्यानंतर हे गॅरेजकडे फिरकेनासे झाले. गाडी चालवणे तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच थांबले होते. दिवसच्या दिवस खुर्चीत बसून खिडकीबाहेर पाहत. विचारले तर म्हणत, “काही नाही.” कंपवातात उदासीनता आजारामुळेही येते आणि परिस्थितीमुळेही, तिच्यावर उपचार आहेत आणि ते आम्ही सुरू केले. पण गोळीच्या जोडीला माणसाला आपली कोणाला तरी गरज आहे, असे वाटावे लागते. पुढल्या ऑक्टोबरात मी यांना म्हटले, “अहो, यंदा तेल मी बदलणार. कसे करायचे ते तुम्ही सांगा.” हे माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “अगं, तुला नरसाळे कुठे ठेवलेय ते तरी ठाऊक आहे का?” कित्येक महिन्यांत यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

मुलाला हे कळले, तेव्हा तो फोनवर रागावला. त्याचे म्हणणे रास्त होते. “आई, तुला काही झाले तर बाबांचे कोण करणार?” शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे. आपले हातपाय आता आपल्या एकट्याचे राहिलेले नसतात. म्हणून मी घाई केली नाही. माझ्या डॉक्टरांना भेटले. हाडांची घनता पूर्वी तपासलेली होती, ती ठीक होती; रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण रक्त पातळ करणारे औषध नाही. जमिनीवरून उठण्याची रीत फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतली: आधी कुशीवर वळायचे, मग हाताच्या आधाराने गुडघ्यांवर यायचे, समोरची भक्कम खुर्ची धरून एक पाय पुढे टेकायचा, उभे राहण्यापूर्वी क्षणभर थांबायचे. घरी आठ दिवस सतरंजीवर तिचा सराव केला. ज्यांना घेरी येते, ज्यांची हाडे ठिसूळ आहेत, ज्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेत, त्यांनी गाडीखाली जाऊच नये. हे मी संकोच न ठेवता सांगते. मुलालाही हे सारे सांगितले. शेजारच्या बाईंना दिवस आणि वेळ कळवली, आणि खिशात फोन ठेवीन असे त्याला वचन दिले. तेव्हा तो शांत झाला.

दिवस ऑक्टोबराच्या अखेरीचा ठरला, त्याला कारण आहे. येथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने गाड्या गंजतात. म्हणून अशा गाड्या नोव्हेंबर ते एप्रिल झाकून ठेवतात. वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेली आम्ले आणि पाण्याचा अंश असतो. ते तेल पाच महिने इंजिनात मुरू देण्यापेक्षा निजण्यापूर्वीच ताजे तेल घालणे बरे. वेळ मात्र यांच्या गोळीनुसार ठरवली. लेव्हाडोपाची मात्रा घेतल्यावर साधारण तासाभराने यांचे शरीर मोकळे होते, आवाजही जरा खुलतो. त्या दोन-अडीच तासांत काम आटोपायचे. शुश्रूषा करणाऱ्यांनी कोणतेही कौतुकाचे काम त्या मोकळ्या वेळेत बसवावे. अंघोळ, भेटीगाठी, फिरणे, सारेच.

आता प्रत्यक्ष काम. प्रथम गाडी दहा मिनिटे फिरवून आणायची, कारण गार तेल दाट असते, कोमट तेल गाळ घेऊन मोकळे वाहते. पण लगेच हात घालायचा नाही. तेलाने पोळण्याची भीती असते. पंधरा मिनिटे थांबायचे. गाडी सपाट फरशीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. नंतर पुस्तकात दाखवलेल्या जागी जॅक लावून पुढची बाजू उचलायची आणि दोन भक्कम स्टँडवर टेकवायची. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. हा नियम यांनी मला तीनदा म्हणायला लावला. स्टँडवर टेकवल्यावर गाडी दोन्ही हातांनी हलवून पाहायची. ती तसूभरही हलता कामा नये. गॅरेजचे दार सताड उघडे, कारण इंजिन सुरू केल्यावर निघणारा कार्बन मोनॉक्साईड वायू ना दिसतो ना त्याला वास येतो.

यांची खुर्ची हातांची, उंच आणि गाडीपासून चार हात दूर होती. अडचण आवाजाची निघाली. मी गाडीखाली, आणि यांचा आवाज तर समोर बसलेल्यालाही ऐकू न येणारा. मग यांनीच युक्ती काढली. काठीचा फरशीवर एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे बरोबर चालले आहे. तीन म्हणजे बाहेर ये, काही सांगायचे आहे. वाचोपचारतज्ज्ञ बाई यांना कित्येक महिने सांगत होत्या, “मोठ्याने बोला, खोलीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखे बोला.” त्यांच्यासमोर जे जमत नसे, ते त्या दिवशी जमले. पाना उलट्या दिशेला फिरू लागताच काठीचा ठोका पडला आणि पाठोपाठ गॅरेज घुमवणारी हाक आली, “घड्याळाच्या उलट! घड्याळ प्लगच्या डोक्यावर आहे असे समज!” गाडीखाली निजलेल्या माणसाची डावी-उजवी बाजू फिरते, ती या एका वाक्याने जाग्यावर आली.

माझ्या अंगठ्याच्या सांध्याला संधिवात आहे. बळ कमी पडेल अशी धास्ती होती. पण लांब दांडा असला की थोडे बळ पुरते, हे तरफेचे तत्त्व शाळेत घोकलेले येथे कामास आले. प्लग सैल झाला, काळे तेल परातीत पडू लागले. प्लग बाहेर आला तो मी यांच्या मांडीवरील स्टीलच्या वाटीत ठेवला. यांनी तो पुसला, आटे बोटाने चाचपून पाहिले, जुने वायसर काढून नवे बसवले. विसावलेला हात थरथरतो, पण हेतूने काही धरले की यांची थरथर पुष्कळ कमी होते. ज्या बोटांना सदऱ्याची गुंडी लावणे जमत नाही, त्याच बोटांनी वायसर सहज बसवले हे मी पाहिले. वायसराला घाई नव्हती, गुंडीला रोज असते. हाही एक फरक असावा.

तेलाचा फिल्टर या गाडीत इनटेक मॅनिफोल्डच्या खाली अशा बेचक्यात आहे की तो डोळ्यांना दिसत नाही. हातानेच शोधावा लागतो. हे डोळे मिटून मला वाट सांगत होते: “उजव्या चाकाकडून हात घाल. रबरी नळी लागेल, तिच्या मागे. गोल, गार.” खरोखर तेथे तो होता. तीस वर्षांत साठ-सत्तर वेळा केलेले काम या हातांत साठून राहिले होते. हात आता तेथे पोचत नव्हते, वाट मात्र ठाऊक होती. जुना फिल्टर निघाला की त्याची रबरी चकती इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे पाहायचे. राहिली तर नव्यातून तेल गळते. नव्या फिल्टरच्या चकतीवर ताज्या तेलाचे बोट फिरवायचे, हातानेच बसवायचा, टेकल्यावर आणखी पाऊण वेढा, बस्स. प्लगही आधी बोटांनी फिरवून आटे जुळले की मगच पान्याने आवळायचा. फार आवळला तर आटे जातात, कमी आवळला तर गळतो. “लोणच्याच्या बरणीचे झाकण लावतेस ना, त्याहून जरा जास्त,” असे यांचे माप. पुस्तकातील माप टॉर्क पान्याने तपासले, दोन्ही जुळले.

नंतर 10डब्ल्यू30 प्रतीचे सुमारे साडेतीन लिटर तेल नरसाळ्याने घातले. प्रत्येक बाटलीगणिक हे मोजत होते. इंजिन सुरू केले, तेलाच्या दाबाचा काटा वर चढला, खाली एक थेंबही नाही. बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पुसून पाहिली. तेल दोन्ही खुणांच्या मध्ये, मधासारखे. ज्या कामाला हे पूर्वी पाऊण तास घेत, त्याला आम्हा दोघांना अडीच तास लागले. वहीत नोंद यांनीच लिहिली. अक्षरे बारीक होती, पण यांनी मुद्दाम रेघांच्या वहीत एक ओळ सोडून, प्रत्येक अक्षर मोठे काढायचे असे मनाशी म्हणत लिहिली, आणि पहिले चार शब्द खरोखर मोठे आले.

वापरलेल्या तेलाविषयी दोन शब्द. इंजिनात जळून त्यात अशी द्रव्ये तयार होतात की त्यांचा वारंवार व दीर्घकाळ त्वचेशी संपर्क कर्करोगाला कारण होऊ शकतो. काजळी आणि त्वचेचा कर्करोग यांचा संबंध पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने 1775 सालीच धुराडी साफ करणाऱ्यांमध्ये दाखवून दिला होता. पुढे खनिज तेलाने भिजणाऱ्या लँकशायरच्या सूतगिरणी कामगारांतही तोच अनुभव आला. म्हणून नायट्राईलचे हातमोजे घालावेत, तेलकट चिंध्या खिशात ठेवू नयेत, हात पेट्रोलने न धुता साबणाने धुवावेत. वृद्धांची त्वचा पातळ असते, तिला ही काळजी अधिकच हवी. जुने तेल गटारात वा मातीत ओतू नये; थोडे तेलही फार मोठा पाणीसाठा बिघडवते. येथे मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने ते विनामूल्य स्वीकारतात. भारतातही ते घातक कचऱ्यात गणले जाते. ते अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे पाठवणाऱ्या गॅरेजकडेच द्यावे.

त्यानंतर आणखी दोन शरद आम्ही हे काम केले. आजार थांबलेला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. दुसऱ्या वर्षी वायसर मी बसवले. गेल्या शरदात हे तासाभरात थकले, उरलेले काम मी दुसऱ्या दिवशी केले. गाडीचे आसन फार खाली असल्याने त्यात बसणे-उठणे यांना कठीण झाले आहे. पूर्वी रविवारी मी चालवीत असे आणि हे शेजारी बसत, तेही आता क्वचितच. गाडी ठेवावी की विकावी, हा विषय घरात निघतो. विकायची झाली तर वही सोबत द्यायची, हे यांनी ठरवून टाकले आहे. “घेणाऱ्याला कळले पाहिजे, गाडी कशी सांभाळली ते.” मी होकार दिला. वहीतील शेवटच्या तीन नोंदींखाली आम्हा दोघांची नावे आहेत.

वाचकहो, आपल्या घरी स्पोर्ट्स कार नसेल, नसलेलीच बरी. पण शिलाई मशीन असेल, सायकल असेल, प्रेशर कुकरची रिंग असेल, तंबोऱ्याच्या तारा असतील, वर्षाचा मसाला असेल. ज्या माणसाची आपण सेवा करीत आहात, त्याच्या हातांत वर्षानुवर्षे मुरलेले एखादे काम शोधून काढावे. ते काम आपण करावे आणि त्यांना सांगू द्यावे. त्यांची परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारू नयेत. आपल्याला खरोखर ठाऊक नसलेलेच विचारावे. शब्द सापडायला वेळ लागला तर वाक्य त्यांच्या तोंडून काढून घेऊ नये. औषधाची वेळ सांभाळावी, खुर्ची हातांची असावी, जमीन कोरडी असावी, आणि थकवा दिसताच थांबावे. काम उद्यावर गेले तर काही बिघडत नाही. स्मरण मंदावलेल्या माणसांतही हातांचे स्मरण पुष्कळदा टिकून असते, हा अनुभव अनेकांचा आहे.

यातून आजार बरा होईल, अशी आशा मी कोणाला दाखवीत नाही. एवढेच म्हणते की, सेवा करता करता समोरच्या माणसाला आपण नकळत केवळ भरवायचे, पुसायचे, निजवायचे असे शरीर समजू लागतो. आणि त्यालाही हळूहळू तसेच वाटू लागते. वर्षातून एक दुपार जरी त्याने आपल्याला शिकवले आणि आपण शिकलो, तरी दोघांनाही एकमेकांची खरी ओळख टिकवता येते. आपल्या घरातील ते काम कोणते, हे या आठवड्यात त्यांनाच विचारून पाहा. उत्तराला वेळ लागला, तर थांबा.